इराणमध्ये ‘फक्त नगद’: पैशांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२३ च्या ऑक्टोबरात मी एकवीस दिवस इराणमध्ये होतो. तेहरान, काशान, इस्फहान, यझ्द, शिराझ. परत आल्यापासून लोक मशिदी, गालिचे, केशर यांबद्दल थोडं विचारतात आणि पैशांबद्दल फार. तीच ती उत्तरं फोनवर देऊन कंटाळलो, म्हणून इथे एकत्र लिहून ठेवतोय.

दोन गोष्टी आधीच सांगतो. सध्या इराणला जावं की नाही, हा विषय या पानाचा नाही. त्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना वाचा आणि ती गंभीरपणे घ्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतीयांना सुरू झालेली पंधरा दिवसांची व्हिसामाफी नोव्हेंबर २०२५ पासून स्थगित झाली आहे, त्यामुळे कुणी ‘व्हिसा लागत नाही’ म्हणत असेल तर त्याची माहिती शिळी आहे. दुसरं म्हणजे, खाली दिलेले चलनाचे भाव त्या-त्या तारखेचे आहेत. ते पाठ करू नका, हिशेबाची रीत तेवढी घ्या.

१. खरंच एकही कार्ड चालत नाही? निदान विमानतळावर तरी?

नाही. व्हिसा, मास्टरकार्ड, अमेरिकन एक्सप्रेस, फॉरेक्स कार्ड, रुपे यांपैकी काहीच नाही. एटीएम दिसतील, पण तुमचं कार्ड त्यांच्या कामाचं नाही. अमेरिकी निर्बंधांमुळे इराणी बँका आंतरराष्ट्रीय कार्ड-व्यवस्थेच्या बाहेर आहेत. जे काही खर्च करायचं, ते घरून निघताना अंगावर असायला हवं. या एका वाक्यातून पुढचे सगळे प्रश्न निघतात.

२. पण व्हिडिओंत तर इराणी लोक भाजीवाल्याकडेही कार्ड घासताना दिसतात. मग ‘कॅश ओन्ली’ देश कसा?

बरोबर पाहिलंत. इराण रोखीवर चालणारा देश नाहीच. तो फक्त तुमच्यासाठी रोखीचा आहे. त्यांचं स्वतःचं ‘शताब’ नावाचं बँकजाळं २००२ पासून आहे आणि ते इतकं मुरलेलं आहे की टपरीवरचा चहावालासुद्धा कार्डाचं यंत्र पुढे सरकवतो. यंत्राला म्हणतात ‘कार्तखान’. कित्येक दुकानदार गिऱ्हाइकाला तोंडानेच पिन विचारतात आणि स्वतःच दाबतात, लोकही भर रांगेत मोठ्याने सांगतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीच संकोचून दुसरीकडे पाहिलं.

याचा तुमच्याशी संबंध असा की रोख घेणारा माणूस तिथे आता जुन्या वळणाचा. गल्ल्यात सुट्टे नसतात, मोठी नोट दिली की शेजारच्या दुकानात पळापळ होते. एखाद्या तिकीट-खिडकीवर ‘कार्ड द्या’ असंच म्हणतात. तेव्हा मागच्या रांगेतला कुणीतरी स्वतःचं कार्ड घासतो आणि तुमच्याकडून नोटा घेतो. माझ्या बाबतीत हे तीनदा झालं आणि तिन्ही वेळा समोरच्याने काहीच जास्तीचं घेतलं नाही.

बोलायचं कसं, याची आपल्याला गंमतशीर सोय आहे. फारसीत ‘फ़क़त नग़्द’ म्हणजे आपलं ‘फक्त नगद’. दोन्ही शब्द आपल्याकडे तिकडूनच आलेत. मराठी उच्चारात म्हटलं तरी समजतं.

३. भारत-इराण संबंध चांगले आहेत ना? मग यूपीआय का नाही?

संबंध चांगले असणं वेगळं आणि बँकांनी जोखीम घेणं वेगळं. इराणी तेलाचे पैसे रुपयांत देण्यासाठी २०१२ पासून यूको बँकेमार्फत व्यवस्था होती, पण ती दोन देशांच्या व्यापारासाठी. तुमच्या-माझ्या चहासाठी नव्हे. अमेरिकेत व्यवसाय असलेली कुठलीही बँक किंवा कार्ड कंपनी या वाटेला जात नाही.

४. फॉरेक्सवाला म्हणतो ३,००० डॉलरपेक्षा जास्त रोख देता येत नाही. खरं का?

बहुतेक देशांसाठी खरं आहे. इराणसाठी नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमात एका प्रवासाला ३,००० डॉलर रोखीची मर्यादा आहे, बाकीचं परकीय चलन कार्डावर घ्यायचं. पण त्यात अपवाद आहेत. इराक आणि लिबियासाठी ५,००० डॉलर. इराण, रशिया आणि सोव्हिएत संघातून फुटून निघालेल्या इतर ‘सीआयएस’ देशांसाठी मात्र वार्षिक मर्यादेतलं, म्हणजे २,५०,००० डॉलरपर्यंतचं, सगळं चलन नोटांत घेता येतं. नियम करणाऱ्याला ठाऊक होतं की तिकडे कार्डाचा उपयोग नाही.

काउंटरवरच्या मुलाला हे ठाऊक असेलच असं नाही. मला पुण्यात एका ठिकाणी ठामपणे ‘सर, सिस्टीम घेत नाही’ असं सांगितलं. मी नियमाचं पान छापून नेलं होतं, मॅनेजरने वाचलं, कुठेतरी फोन केला आणि सिस्टीमने घेतलं. काही चलनविक्रेते मात्र इराणचं नाव ऐकताच स्वतःच्या कंपनीच्या धोरणामुळे नकार देतात. तो त्यांचा हक्क आहे, वाद घालू नका, पुढचं दुकान गाठा. अर्जावर ‘दुबई’ लिहून काम उरकण्याचा सल्ला मिळेल. तो ऐकू नका. विमानतळावर कुणी रोख तपासली तर तुमचा पासपोर्ट, तिकीट आणि पावती एकच गोष्ट सांगत असली पाहिजे.

५. डॉलर घेताना कागद कोणते आणि वर किती कापतात?

पासपोर्ट, तिकीट, व्हिसा, पॅन. ‘ए-टू’ अर्ज ते भरून घेतात. ५०,००० रुपयांच्या आत असेल तर रोख रुपये चालतात, त्याहून जास्त असेल तर चेक, डेबिट कार्ड किंवा खात्यातून द्यावे लागतात. जीएसटी किरकोळ: एक लाखापर्यंत ०.१८ टक्के, म्हणजे लाखाला १८० रुपये, आणि कमीत कमी ४५. एका आर्थिक वर्षात बाहेर पाठवलेली किंवा नेलेली रक्कम १० लाखांच्या आत असेल तर टीसीएस, म्हणजे जागीच वसूल होणारा आयकर, लागत नाही. एप्रिल २०२५ च्या आधी ही मर्यादा ७ लाख होती.

खरा खर्च करात नसतो, भावात असतो. तीन ठिकाणी विचारा. आणि छापील पावती जपून ठेवा, मोबाइलमधला फोटो पुरत नाही.

६. डॉलर न्यावेत, युरो न्यावेत की आपले रुपयेच?

डॉलर किंवा युरो. दोन्ही सगळीकडे चालतात. दुबईशी व्यापार मोठा असल्यामुळे दिरहमही सहज बदलतात, म्हणून दुबईहून जाणाऱ्यांनी उरलेले दिरहम फेकून देऊ नयेत. रुपयांवर विसंबू नका. घेणारा भेटला तरी भाव असा देईल की ऐकवणार नाही. परतल्यावर मुंबई विमानतळाहून घरी जायला लागतील तेवढे रुपये ठेवा. नियमाप्रमाणे २५,००० रुपयांपर्यंत भारतीय चलन बरोबर नेऊन परत आणता येतं.

शंभराच्या नोटा घ्या. शंभराला जो भाव मिळतो तो दहा-वीसच्या नोटांना बऱ्याचदा मिळत नाही. मात्र पहिल्या दिवसाच्या टॅक्सीसाठी आणि अडीअडचणीला वीसच्या पाच-सहा असू द्याव्यात.

७. नोटा खरंच कोऱ्या लागतात? आपल्याकडे तर टेप लावलेलीही चालते.

लागतात, आणि आपली सवय तिथे नडते. घडीची खूण, पेनाची रेघ, बँकेचा बारका शिक्का, कोपरा दुमडलेला: एवढ्यावरून नोट परत येते किंवा भाव पाडतात. शंभराची नोट २०१३ पासून आलेली, मधोमध निळी पट्टी असलेली हवी.

मी तेहरानच्या सराफाकडे, म्हणजे चलन बदलून देणाऱ्याकडे, काही नोटा ठेवल्या. त्याने एकेक उचलून दिव्यासमोर धरली, नोटेवरच्या फ्रँकलिनच्या कॉलरवरून अंगठा फिरवला, आणि चौथी बाजूला काढली. तिच्या कडेला निळ्या शाईत बारीक ‘४’ लिहिला होता. पुण्यात गड्डी मोजताना कुणीतरी लिहिला असणार. त्याने मान हलवली आणि नोट माझ्याकडे सरकवली. ती नोट मी तशीच परत आणली. तेव्हा काउंटरवरच प्रत्येक नोट दोन्ही बाजूंनी पाहा. मागे रांग खोळंबली तर खोळंबू दे. घरून निघताना त्या न दुमडता, वहीच्या पुठ्ठ्यात ठेवा.

८. एकूण किती न्यावेत? कमी पडले तर?

मी एकटा, मधल्या दर्जाची राहण्याची ठिकाणं, बसने प्रवास: एकवीस दिवसांत विमानभाडं सोडून सुमारे ९०० डॉलर लागले. नेले होते १,६००. हा आकडा २०२३ चा आहे, महागाई आणि भाव दोन्ही बदललेत. तिथे आत्ता राहणाऱ्या कुणाला, निदान एखाद्या अतिथिगृहाला लिहून, रोजचा खर्च डॉलरांत विचारा आणि त्याच्या दीडपट न्या. उरलेले डॉलर घरी परत येतात. कमी पडलेले येत नाहीत (प्रश्न १७).

दीडपट हा भित्रेपणा नव्हे. १३ जून २०२५ ला इस्रायलशी युद्ध पेटलं आणि इराणचं आकाश बंद झालं. ‘ऑपरेशन सिंधू’त भारतीयांना बाहेर काढलं गेलं, त्यातले उर्मियाकडचे विद्यार्थी तर रस्त्याने आर्मेनियात गेले आणि तिथून दिल्लीला. अशा वेळी चार-सहा जादा रात्री आणि एखादी लांबची टॅक्सी यांचे पैसे खिशात नसतील तर कठीण.

९. रियाल आणि तोमान यांत फरक काय? मला सगळे सांगतात ‘एक शून्य काढ’, पण तरी गोंधळ होतो.

प्रत्येकाचा होतो. सावकाश वाचा.

नोटेवर छापलेलं चलन रियाल. बोलण्यातलं चलन तोमान. १० रियाल म्हणजे १ तोमान. म्हणजे ५,००,००० रियालची नोट ५०,००० तोमानांची. इथपर्यंत सोपं आहे. खरी मेख पुढे: महागाईमुळे लोक ‘हजार’ हा शब्दही गिळतात. ५०,००० तोमानांना ते नुसतं ‘पंजाह’ म्हणतात, पन्नास. दीड लाख तोमानांना ‘सद-ओ-पंजाह’, दीडशे. म्हणजे ऐकलेल्या आकड्यापुढे चार शून्यं लावली की रियाल होतात.

शिराझला एका फालुदेवाल्याने ‘पंजाह’ म्हटलं. मी मोठ्या आत्मविश्वासाने ५०,००० रियालची नोट पुढे केली. तो हसला, ती नोट माझ्याच हातात परत ठेवली, आणि माझ्या पाकिटातून दहापट किमतीची नोट दोन बोटांनी वर ओढून दाखवली. मी देऊ केलेली रक्कम तेव्हाच्या हिशेबाने आठ रुपये होती.

त्या दिवशी मला जी युक्ती कळली ती सगळ्यांत कामाची. अलीकडच्या नोटांवर शेवटची चार शून्यं मुद्दाम फिकट छापलेली असतात. ५,००,००० च्या नोटेवर गडद दिसतं ते ५०. दहा लाखांच्या नोटेवर १००. एक लाखाच्या नव्या नोटेवर १०. म्हणजे *नोटेवरचा गडद आकडा हाच दुकानदाराच्या तोंडचा आकडा*. त्याने ‘पंजाह’ म्हटलं, गडद ५० ची नोट द्या. गणित करूच नका. जुन्या नोटांवर सगळी शून्यं सारखीच ठळक असतात, तिथे मात्र डोकं लावावं लागतं.

शंका आली तर सरळ विचारा: ‘रियाल या तोमान?’ यातला ‘या’ म्हणजे ‘किंवा’. मोठ्या खरेदीला फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर आकडा लिहून घ्या. आणि पहिल्या दिवशी भाव कळला की एका चिठ्ठीवर ‘१ लाख तोमान = इतके रुपये’ एवढंच लिहून पाकिटात ठेवा. माझ्या वेळी ते १६६ होते. पुढचे वीस दिवस मी त्या चिठ्ठीवर काढले.

१०. किमतींच्या पाट्या वाचता येत नाहीत. काही उपाय?

दहा अंक विमानातच शिकता येतात. शून्य म्हणजे नुसता ठिपका. एक म्हणजे उभी रेघ. पाच म्हणजे उलटा बदाम. सात हा वरून उघडा कोन, आठ हा त्याचीच उलटी बाजू. नऊ ओळखीचाच वाटतो. लिपी उजवीकडून डावीकडे असली तरी आकडे आपल्यासारखेच डावीकडून वाचायचे. नोटांच्या एका बाजूला इंग्रजी अंकही असतात.

बोललेले आकडेही फार परके नाहीत. पंज म्हणजे पाच, हफ्त म्हणजे सात (आपला हप्ता याच घराण्यातला), सद म्हणजे शंभर, आणि हजार तर हजारच.

११. गुगलवर डॉलरचा भाव भलताच वेगळा दिसतो. मग खरा कोणता?

बाजारातला. २०१८ च्या एप्रिलमध्ये सरकारने एका डॉलरला ४२,००० रियाल असा भाव ठरवून टाकला. बाजाराने तो कधीच मानला नाही. मी गेलो तेव्हा फोन ४२ हजारांच्या आसपास दाखवत होता आणि सराफ जवळजवळ पाच लाख देत होता. बारापट फरक! २०२५ च्या वसंतात बाजारभाव दहा लाखांच्याही वर गेला. तिथले लोक ‘बोनबस्त’ या संकेतस्थळावर रोजचा भाव पाहतात, तुम्हीही निघण्याआधी आठवडाभर पाहत चला. बँकेत जाऊन डॉलर बदलण्याचा सरळपणा करू नका. तिथे सरकारी भाव लावला तर तुमचं पानिपत.

एक अवांतर. आपला ‘करोड’ फारसीत ‘कोरूर’ म्हणून गेला, पण तिकडे त्याचा अर्थ उरला फक्त पाच लाख. १८२८ च्या तुर्कमेन्चाय तहात इराणने रशियाला दंड कबूल केला तो दहा कोरूर तोमान. म्हणजे मी गेलो तेव्हा एक डॉलर जवळजवळ एक कोरूर रियालचा होता. हे मी एका सराफाला मोडक्यातोडक्या फारसीत सांगून पाहिलं. त्याला अजिबात हसू आलं नाही.

१२. मग बदलायचे कुठे?

‘सर्राफी’मध्ये. शब्द आपल्या सराफाचाच, फक्त आपला सराफ सोन्याकडे वळला आणि त्यांचा नोटांवर राहिला. तेहरानमध्ये फिर्दौसी चौकाजवळच्या रस्त्यावर रांगच आहे. इस्फहानला नक्श-ए-जहान चौकाच्या आसपास, शिराझला झंद रस्त्यावर करीमखानाच्या गढीजवळ. काचेवर भावाचा फलक असतो. दोन-तीन ठिकाणी पाहा, फरक थोडाच असतो पण असतो. पासपोर्ट मागू शकतात, तो जवळ ठेवा.

फिर्दौसी रस्त्यावरच फुटपाथवर माणसं कुजबुजत असतात, ‘दोलार, दोलार’. हातात गड्डी खेळवत. त्यांच्या वाटेला जाऊ नका. बेकायदेशीर तर आहेच, पण शंभर नोटा रस्त्यावर उभं राहून मोजणार कशा?

विमानतळावर टॅक्सी आणि सिमकार्ड यापुरते बदला. अगदी लहान गावात सराफ नसेल तर अतिथिगृहाचा मालक बदलून देतो, भाव थोडा कमी. यझ्दला आमच्या मालकाने तर डॉलर घेतलेच नाहीत. म्हणाला, जाताना सगळं एकदम द्या, तोवर वहीत लिहितो. आपल्या वाण्याची आठवण झाली.

१३. एकदाच सगळे बदलून मोकळं व्हावं का?

नको. एक तर गठ्ठा. माझ्या वेळी १०० डॉलरचे पाच कोटी रियाल आले. ५,००,००० च्या शंभर नोटा, रबरबँड लावून. ५०० डॉलर बदलले असते तर अशा पाच गड्ड्या पाठीवर. दुसरं, रियाल सतत घसरतो, आज बदललेले पैसे पुढच्या आठवड्यात हलके झालेले असू शकतात. तिसरं, उरले तर भारतात त्यांना कुणी विचारत नाही (प्रश्न २२). तीन-चार दिवसांचे बदला.

अपवाद सुट्टीचा. शुक्रवारी सर्राफी बंद, गुरुवारी दुपारनंतर बहुतेक बंद. नवरोझला, म्हणजे २०-२१ मार्चपासून, पहिले काही दिवस सगळंच थंड असतं आणि सुट्टीचा माहोल तेरा दिवस चालतो. तेव्हा आधीच जास्तीचे बदलून ठेवा.

१४. पर्यटकांसाठी तिथलं प्रीपेड कार्ड मिळतं म्हणे. घ्यावं का?

मिळतं. ‘माह कार्ड’ हे त्यातलं जास्त ऐकू येणारं नाव. तुम्ही डॉलर किंवा युरो रोख देता, ते रियालमध्ये कार्डावर भरतात, मग तुम्हीही स्थानिकांसारखं कार्तखान वापरता. उरलेले शेवटी परत मिळतात. तीन आठवड्यांचा प्रवास असेल, किंवा बरोबर वयस्कर माणसं असतील आणि गड्ड्या सांभाळायच्या नसतील, तर सोयीचं आहे. मात्र भाव कोणता लावतात आणि परत करताना कोणता, हे आधी लिहून घ्या. तेवढ्यावरच सौदा बरा की वाईट ते ठरतं.

आणि सगळे पैसे त्यावर भरू नका. १७ जून २०२५ ला सेपाह बँकेवर सायबर हल्ला झाला आणि तिच्या खातेदारांची कार्डं बंद पडली. तिथल्या माणसाला मावशी-काका असतात. तुम्हाला नोटाच.

१५. हॉटेल, बस, अंतर्गत विमान: आधी बुक कसं करायचं?

नेहमीच्या बुकिंग संकेतस्थळांवर इराणी हॉटेलं नाहीत. थेट संदेश पाठवून खोली धरून ठेवायची आणि पोहोचल्यावर पैसे द्यायचे, हीच रीत आहे. बहुतेक जण आगाऊ मागत नाहीत, कारण घेण्याचा मार्ग त्यांच्याकडेही नसतो. मोठी हॉटेलं परदेशी पाहुण्याला भाव डॉलर किंवा युरोत सांगतात. तसं असेल तर नोटाही त्याच चलनात द्या, मधला बदलाचा फेरा वाचतो. एका ठिकाणी मला सकाळी एका भावाने आणि संध्याकाळी दुसऱ्या भावाने हिशेब सांगितला. तेव्हापासून आल्या-आल्या रक्कम आणि चलन दोन्ही कागदावर लिहून घेत गेलो.

बसचं तिकीट स्थानकावर रोखीने मिळतं. विमान आणि रेल्वेसाठी अतिथिगृहाच्या मालकाला सांगा, तो स्वतःच्या कार्डावर काढतो, तुम्ही त्याला नोटा देता. शहरात ‘स्नॅप’ ही टॅक्सीसेवा वापरा, चालकाला रोख देता येते आणि भाडं आधी दिसतं. तेही रियालमध्ये की तोमानमध्ये, ते बघाच (प्रश्न ९).

१६. दुकानदार म्हणाला पैसे नकोत, आणि मी निघून आले! आता वाईट वाटतंय.

वाटायलाच हवं, पण तुम्ही पहिल्या नाही. याला ‘तारोफ’ म्हणतात. ‘चंद?’, किती झाले, विचारलं की तो म्हणतो ‘गाबेल नदारे’, म्हणजे तुमच्यापुढे याची काय किंमत. हा शिष्टाचार आहे, देणगी नव्हे. आपल्याकडे दारात आलेल्या पाहुण्याला ‘जेवूनच जा’ म्हणतात ना, तसंच. तुम्ही पुन्हा विचारायचं, तो पुन्हा नाही म्हणेल, तिसऱ्यांदा विचारलं की आकडा सांगतो. टॅक्सीवाल्याचंही तसंच. तीनदा आग्रह करूनही खरोखरच घेतलं नाही, तर मग तो पाहुणचार समजा आणि छातीवर हात ठेवून मान झुकवा.

१७. पैसे संपले किंवा चोरीला गेले तर भारतातून मागवता येतील का?

वेस्टर्न युनियन, मनीग्रॅम तिथे नाहीत. भारतीय बँकेतून तिथल्या बँकेत पाठवणं तुम्हा-आम्हाला जमणारं नाही. हवालाचा रस्ता कुणीतरी नक्की सुचवेल. तो भारतीय कायद्याने बेकायदेशीर आहे आणि परदेशात अडकलेल्या माणसाने त्यात पडू नये. राहतात तीन मार्ग. ज्यांच्याबरोबर आहात त्यांच्याकडून उसने. तेहरानमधल्या भारतीय दूतावासाची मदत. किंवा तिकीट असेल तर दुबई-मस्कतला लवकर निघणं, तिथे तुमचं कार्ड पुन्हा चालायला लागतं. म्हणूनच प्रश्न ८ मधलं दीडपट.

प्रवास-विम्याची प्रतही नीट वाचा. बऱ्याच पॉलिसींत निर्बंध असलेला देश वगळलेला असतो. तसं असेल तर दवाखान्याचं बिलही त्याच पाकिटातून जाणार.

१८. एवढी रोकड ठेवायची कुठे?

तीन ठिकाणी. पोटाशी पट्ट्यात मोठी रक्कम, बॅगेच्या तळाशी परतीचे २०० डॉलर, खिशात आजचे रियाल. इराणमध्ये मला रस्त्यावर असुरक्षित वाटलं नाही. एकच डाव ऐकून ठेवा: साध्या कपड्यातला माणूस गाडीतून ओळखपत्र चमकवून ‘पोलीस, पाकीट दाखवा’ म्हणतो. रस्त्यात पाकीट द्यायचं नाही, गाडीत बसायचं नाही. ‘हॉटेलवर चला, तिथे दाखवतो’ म्हणा. इस्फहानला माझ्याबरोबर हे झालं. हॉटेलचं नाव काढताच गाडी निघून गेली.

१९. गालिचावाला म्हणतो व्हिसा कार्ड चालतं. प्रश्न १ मध्ये तर तुम्ही नाही म्हणालात.

मोठ्या गालिचा दुकानांचं तुर्कस्तानात किंवा अमिरातीत खातं असतं, व्यवहार तिथल्या यंत्रावर पडतो. म्हणजे तो इराणमधला व्यवहार दिसत नाही. त्यावर ते काही टक्के जास्त लावतात. तुमच्या बँकेने उद्या विचारलं किंवा माल बदलून हवा झाला, तर दाद कुठे मागणार? मी घेतला नाही. गालिचाही आणि धोकाही. ज्यांना घ्यायचाच आहे त्यांनी रोखीने भाव पाडावा, तो पडतो.

२०. तिथून भारतीय बँकेचं ॲप उघडलं तर चालेल?

शिल्लक बघण्याची हौस घरी येऊन भागवा. इराणमधून लॉगिन दिसलं की काही बँका खातं तात्पुरतं गोठवतात. पेपाल, वाइज असल्या परदेशी सेवा तर अजिबात उघडू नका, तिथलं खातं सोडवताना महिने जातात. ईएमआय, क्रेडिट कार्डाचं बिल वगैरे जाण्याआधीच लावून ठेवा.

२१. इराण चार शून्यं काढून टाकतोय म्हणे. मग हे सगळं बदलेल?

२०२५ च्या ऑक्टोबरात तिथल्या संसदेने मंजुरी दिली आहे: दहा हजार जुने रियाल म्हणजे एक नवा रियाल. अंमल टप्प्याटप्प्याने, काही वर्षांत. गंमत बघा, नवा एक रियाल म्हणजे हजार तोमान, म्हणजे रस्त्यावर लोक आधीपासून जे ‘एक’ म्हणतात तेच. जुन्या-नव्या नोटा एकत्र फिरायला लागल्या की नोटेवरचा गडद आकडा धरून चालणं (प्रश्न ९) तेवढंच उपयोगी पडेल.

२२. परत येताना उरलेल्या पैशांचं काय?

रियाल तिथेच संपवा. भारतात ते बदलून मिळत नाहीत. शेवटच्या दिवशी सराफाकडे उलटे डॉलर घेता येतात, पण भावात फटका बसतो. मी पिस्ते आणि केशर घेऊन संपवले.

डॉलर मात्र तुमचेच. परतल्यावर २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवता येतात, त्यावरचे १८० दिवसांत बँकेला किंवा चलनविक्रेत्याला परत विकायचे. भारतात उतरताना ५,००० डॉलरपेक्षा जास्त नोटा असतील तर कस्टमला तसं लिहून द्यावं लागतं.

माझ्या पाकिटात अजून ५०,००० रियालची एक नोट आहे, फालुदेवाल्याने परत केलेली. निळ्या ‘४’ची शंभराची नोट मात्र पुण्यातल्या त्याच काउंटरने पुढच्या वेळी परत घेतली, तीन रुपये भाव कमी लावून. नोटेवर लिहिलंय म्हणाले.